डावं, उजवं, शेपूट

चष्मेवाले काका टेकडीवर आले ते मुलीने फोनवर पिच्छा पुरवला म्हणून. ‘जा हो बाबा, तेवढंच मोकळं वाटेल,’ असं ती रोज म्हणायची आणि ते रोज ‘बरं’ म्हणायचे. काकू गेल्यापासून त्यांचा सगळा कारभार त्या एका शब्दावर चालला होता. गिऱ्हाइकाने महागडी फ्रेम मागितली तरी बरं, काहीच न घेता गेलं तरी बरं.

टेकडीच्या धारेवर क्लबची मंडळी जमली होती. यांची विमानं बिनइंजिनाची. उताराने वर चढणाऱ्या वाऱ्यावर तरंगायची आणि खालून रिमोटने वळवायची. मंडळी मोठी भांडखोर. वारा कुठून येतोय यावरून दोघांचा अबोला चाललेला. आज मात्र सगळे काकांशी इतकं हळू बोलत होते, जणू ते झोपलेत. तसं ते फारसं खोटंही नव्हतं.

एक नियम तिथे कुणी मोडत नसे. ज्याच्या हातात विमान, त्याने फेकण्याआधी मोठ्याने पुकारायचं: डावं, उजवं, शेपूट. रिमोटवाल्याने त्याप्रमाणे दांडी हलवायची आणि पंखावरची पट्टी बरोबर वळते का, ते फेकणाऱ्याने बघायचं. काकांचं विमान नेहमी काकूच फेकायच्या. त्यांचा आवाज पार खालच्या रस्त्यापर्यंत जायचा, आणि शेवटी ‘जा गं बाई’ हे त्यांच्या पदरचं. त्यावरून त्यांची यथेच्छ चेष्टा व्हायची.

काकांनी नारिंगी विमान बाहेर काढलं. त्याच्या पंखांवरचा पातळ प्लास्टिकचा कागद काकूंनी घरच्या इस्त्रीने चिकटवला होता. एका जागी इस्त्री जरा जास्त टेकली, तिथे सुरकुती पडलेली. आता फेकायचं कुणी? क्लबातली दातांची डॉक्टर पुढे झाली. तिने विमान डोक्यावर धरलं, तोंड उघडलं आणि मिटलं. काकूंचे शब्द काकांसमोर कसे उच्चारायचे, असं तिला झालं. बाकीच्यांनीही माना खाली घातल्या. तिने मुकाट्याने विमान फेकलं.

ते डावीकडे कलंडलं. काकांनी दांडी उजवीकडे ढकलली, तसं ते आणखीच डावीकडे गेलं. कुणी काही बोलायच्या आत ते खडकावर आपटलं आणि पंख मधोमध मोडला.

काका खाली जाऊन तुकडे घेऊन आले. चेहऱ्यावर काही नाही. त्यांनी मनात चाचपून पाहिलं, तिथेही काही नव्हतं. पुकारायला हवं होतं, चूक माझीच, असं डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगत होती.

‘बरं,’ काका म्हणाले आणि त्यांनी रिमोटच्या पडद्याकडे पाहिलं. त्यात त्यांच्या दोन्ही विमानांची वेगवेगळी जुळणी साठवलेली होती, आणि जुन्या पांढऱ्या विमानाच्या पट्ट्या नेमक्या उलट वळायच्या. रिमोट अजून पांढऱ्यावरच होता.

‘मागच्या वेळी पांढरं उडवलं होतं,’ ते म्हणाले. ‘ती होती तेव्हा.’

‘नारिंगीवर करून देऊ का, काका?’ डॉक्टरने विचारलं.

‘राहू दे.’

मग डॉक्टरची पाळी आली. काकांनी न विचारताच तिचं विमान उचलून डोक्यावर धरलं.

‘डावं,’ ते म्हणाले. तिने दांडी हलवली. ‘उजवं. शेपूट.’ सगळं ठीक होतं. वाराही चांगला होता.

‘जा गं बाई,’ काका म्हणाले, आणि त्यांची बोटं काही विमान सोडेनात.