गाड्यांची रांग संपते तिथून डावीकडे

माझ्या साडूंइतका कमी गोष्टी गृहीत धरणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही. सूर्य पूर्वेला उगवतो असं त्यांना सांगून बघा, ते आधी विचारतील, "तुम्ही तोंड कुठे करून उभे आहात?" नात्याने ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सगळं धरणगाव त्यांना नाना म्हणतं, म्हणून मीही नानाच म्हणतो. नोकरीची सगळी वर्षं दीपनगरच्या वीजकेंद्रात गेली. तिथं यंत्रं चालवणाऱ्यांसाठी सूचना लिहून द्यायचं काम त्यांच्याकडे होतं: कोणती झडप आधी, कोणतं बटण नंतर. "तिथं एक वाक्य ढिलं राहिलं ना भाऊ, तर निम्म्या जिल्ह्याचे पंखे थांबतात," असं ते मोठ्या अभिमानाने सांगत. पंखे काही थांबले नाहीत, पण निवृत्त होऊन धरणगावच्या मळ्यात राहायला आल्यावर सूचना लिहायला नानांजवळ यंत्रं उरली नाहीत. मग त्यांनी आम्हा माणसांकडे मोर्चा वळवला.

पहिला बळी अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी. अक्कांच्या हातची शेवभाजी नानांनी कागदावर उतरवायला घेतली. "मीठ चवीनुसार," अक्का म्हणाल्या. "कोणाच्या?" नानांनी पेन्सिल उचलून विचारलं. त्यानंतर तीन दिवस अक्का मीठ तोलून घालत होत्या आणि नाना आकडे लिहीत होते. चौथ्या दिवशी अक्कांनी तराजू पेटीत टाकला आणि किल्ली कमरेला लावली. गावात कोणी पत्ता विचारला तर दुसरा माणूस हात लांब करून मोकळा होतो. नाना वहीचं पान फाडून, एक-दोन-तीन आकडे घालून लिहून देत आणि मग वीस पावलं मागं राहून त्या माणसाच्या पाठोपाठ चालत. सूचना चालते की नाही ते बघायला! एकदा दवाखाना शोधणारा एक पाव्हणा तिसऱ्या सूचनेला चुकून भलत्याच गल्लीत शिरला. नानांनी त्याला हाक मारली असेल? छे! तो कुठवर चुकतो हे टिपून घ्यायला अर्धा फर्लांग जाऊ दिला, मग गाठून त्याची माफी मागितली, चहा पाजला आणि तिसरी सूचना बदलली. "वाचणारा चुकला की चूक लिहिणाऱ्याची," हा त्यांचा कायदा होता. दुसरा कायदा असा, की लिहिलेलं वाक्य कोणावर तरी तपासल्याशिवाय बाहेर सोडायचं नाही.

या माणसाला मी काय करून बसलो ते ऐका. जळगावात माझा छोटासा छापखाना आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, पतपेढ्यांचे अहवाल. जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून बनवलेली एक फुकटची अक्षरजुळणी प्रणाली माझ्या हाती लागली होती. मजकूर टाइप करायचा, मध्ये थोडे हुकूम घालायचे, की सुबक जुळलेलं पुस्तक बाहेर पडतं. तिची मराठी माहितीपुस्तिकाही होती, पण ती कोणा हुशार माणसाने स्वतःलाच समजेल अशी लिहिलेली. "समास योग्य तो ठेवावा," असं एक वाक्य होतं. मी तीन दिवस योग्य तो समास शोधत होतो. वैतागून ते पान नानांना दाखवलं, आणि माझ्या शांत आयुष्याची वाट लागली.

नानांनी पुस्तिका ताब्यातच घेतली. त्या मंडळींना पत्रं लिहून दुरुस्तीची परवानगी काढली, नातवाचा जुना संगणक मळ्यातल्या खोलीत मांडला आणि 'सहज', 'फक्त', 'अर्थातच' हे तीन शब्द हद्दपार केले. "ज्याला जमत नाही त्याला 'सहज करा' म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर हसणं झालं," ते म्हणाले. समासावर महिना घालवला. शेवटी लिहिलं: "हातातलं कोणतंही पुस्तक उघडून दोन्ही हातांनी धरा. अंगठे कुठे आले? अक्षरं त्यांच्या खाली जाऊ नयेत एवढी जागा बाहेरून सोडा." वाचून मी उठलो आणि कपाटातलं पुस्तक काढून अंगठे बघितले. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला नानांचा अभिमान वाटला.

पण अभिमान वेगळा आणि दोनशे पानं वाचणं वेगळं! प्रत्येक नवं प्रकरण माझ्याकडे यायचं आणि चार दिवसांनी फोन: "वाचलं का, भाऊ?" "वाचलं ना, अक्षर न् अक्षर." "कुठे अडलात?" "कुठेच नाही नाना, एकदम झकास!" पलीकडून नुसतं "हं," आणि फोन बंद. कौतुक केलं तरी या माणसाला आनंद होत नाही, असं मी बायकोला कितीदा म्हणालो असेन. नानांना हवं होतं ते एवढंच, की कोणीतरी ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावं. स्वतःचं नावसुद्धा त्यांनी त्यावर घातलं नव्हतं. किती लोकांनी पुस्तक उतरवून घेतलं ते संगणकावर कळायचं. किती लोकांनी वाचलं ते कळायची काही सोय नव्हती. "लोक अडले की उघडतात आणि सुटले की मिटतात," नाना एकदा म्हणाले, आणि कधी नव्हे ते त्यांचा आवाज पडलेला वाटला.

आता भरिताकडे येतो. चंपाषष्ठी झाली की पहिल्या रविवारी नानांच्या मळ्यात भरीत ठरलेलं. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, लाकडी बडगीत ठेचलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण, आणि अक्कांच्या पुऱ्या. जळगावहून आम्ही नवराबायको साडेअकरालाच हजर. पण जेवण? नाव काढू नका! माणसं चार आणि केळीची पानं पाच मांडायची, आणि नाना बांधावर जाऊन रस्त्याकडे बघत उभे. एक वाजायचा, दीड वाजायचा, भरिताच्या वासाने माझा जीव कासावीस व्हायचा. दोन वाजता अक्का ओरडायच्या, "अहो, जेवा आता, पाव्हण्यांचे चेहरे उतरले!" पाचवं पान कोणाचं हे मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, शेजारच्या मळ्यातलं कोणी येत असेल. शिवाय पाचव्या पानावरचं भरीत शेवटी माझ्याच वाट्याला यायचं, त्यामुळे चौकशीची मला घाईही नव्हती. अशी चार वर्षं गेली.

यंदाच्या हिवाळ्यातल्या त्या रविवारी एक वाजून गेला होता. बांधावरून एक तिशीतली बाई चालत आली. धुळीने भरलेल्या चपला, खांद्याला पिशवी, हातात छापलेला एक कागद. नानांकडे बघून म्हणाली, "पुस्तकवाला नाना तुम्हीच ना? तुमनं पुस्तक मी बठ्ठं वाचं. पण शेवटलं पान चुकेल शे."

बठ्ठं, म्हणजे सगळंच्या सगळं! नाना चष्म्यासाठी खिसे चाचपू लागले. मी तिच्या हातातला कागद घेतला. परिशिष्टाचं शेवटचं पान होतं. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं: "इथवर वाचत आलेल्या वाचकाने चंपाषष्ठीनंतरच्या पहिल्या रविवारी माझ्या मळ्यात भरीत खायला यावे. धरणगाव स्टेशनातून बाहेर पडून सरळ चालावे. जिनिंग कारखान्यापुढे कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते. ती संपते तिथून डावीकडे वळावे. पुढचा पहिला मळा."

"आज रविवार शे ना, नाना!" ती हसत म्हणाली. "जिनिंग बंद. गाड्या कोठे शेतस?"

तिचं नरडाण्याला छोटं दुकान होतं. लग्नपत्रिका आणि कारखान्यांच्या सूचनापाट्या करून द्यायची. नानांच्या पुस्तकावरून ती सगळं शिकली होती. आदल्या वर्षीही ती रेल्वेने आली होती. रिकाम्या रस्त्यावर तीन वाजेपर्यंत रांग शोधली आणि उपाशी परत गेली. या वर्षी शनिवारीच येऊन रांग कुठे संपते ते बघून गेली, गाडीवाल्यांकडून नानांचं नाव विचारून घेतलं आणि रविवारी पुन्हा आली.

"मग कळवलं का नाही, बेटा?" नानांनी विचारलं.

"वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल," ती म्हणाली.

नाना खाटेवर बसले. आख्ख्या पुस्तकातलं प्रत्येक वाक्य त्यांनी कोणावर ना कोणावर तपासलं होतं. हे एकच तसं राहिलं होतं, कारण ते गुपित होतं. "म्हणजे आधीही कोणी आलं असेल, भाऊ," ते मला म्हणाले, आणि लगेच वही शोधत उठले. "चल बेटा, गेल्या वर्षी नेमकी कुठे चुकलीस ते दाखव. मी मागून येतो." अक्का झारा घेऊनच आडव्या आल्या: "पोरगी दोन वर्षांची उपाशी आहे! आधी बसा!" पाचव्या पानावर ती बसली. नानांनी तिला स्वतः वाढलं आणि ती काय काय अडलं ते सांगत असताना जेवायचं विसरून लिहीत राहिले. आमच्या पानांवरच्या पुऱ्या गार झाल्या, पण त्या दिवशी कोणी तक्रार केली नाही.

निघताना मी नानांना बाजूला घेऊन म्हणालो, "मला सांगायचं तरी होतं, नाना." ते रागावले नाहीत, हेच मला लागलं. "तुम्ही ते पान वाचलं असतं, तर पहिल्याच वर्षी म्हणाला असता की रविवारी गाड्या नसतात," ते म्हणाले. "मला माहीत होतं, भाऊ. जो खरंच वाचतो तो कुठेतरी अडतोच. तुम्ही कधी अडलाच नाहीत." चार वर्षं ज्या वाचकाच्या वाटचं भरीत मी खाल्लं, तो वाचक मला सहज होता आलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी पुस्तक वाचायला घेतलं. रोज छापखाना उघडल्यावर पाच पानं, पेन्सिल हातात घेऊन. गेल्या आठवड्यात शेवटच्या पानावर पोचलो. तिथल्या सूचनेतून गाड्या गेल्या होत्या आणि शेवटी नवी वाक्यं आली होती: "तरीही वाट सापडली नाही तर चूक तुमची नाही. आहात तिथेच थांबा आणि फोन करा. मी घ्यायला येतो." चष्मा पुसून मी फोन लावला.

"नाना, पुस्तक संपलं."

"हं," ते सवयीने म्हणाले. "कुठे अडलात?"

"सतरा ठिकाणी."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "थांबा हं, भाऊ. फोन ठेवू नका. वही आणतो." लांबून ते अक्कांना पेन्सिल कुठे आहे म्हणून हाका मारत होते. मी पहिली खूण केलेलं पान उघडलं आणि त्यांची वाट बघत बसलो.