देवामागची गोळी

देवळीत सुलोचनाच्या पिठाच्या गिरणीवर गव्हाआधी गप्पा दळल्या जातात. बाई तोंडाची तिखट. ज्वारीत खडा निघाला तर गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करणार! पण यंदाच्या उन्हाळ्यात एका गोष्टीवर मात्र तिने तोंड शिवून घेतलं होतं.

नवरा निकेश ट्रक चालवतो. त्याच्या रक्तात एचआयव्ही निघाला. त्याचं औषध लगेच सुरू झालं, पण रोगाचा जोर ओसरेपर्यंत बायकोला लागण होऊ नये म्हणून वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी सुलोचनालाही रोजची एक गोळी दिली. ती निरोगी होती. निरोगीच राहावी, एवढंच त्या गोळीचं काम. सासूला, कौसाबाईला, दोघांनी सांगितलं, ताकदीची गोळी आहे.

पहिल्याच आठवड्यात मळमळ सुरू झाली. थोडे दिवस होईल, मग जाईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. पण सकाळी सुलोचना मोरीकडे धावली आणि कौसाबाईच्या तोंडावर दिवाळी उजाडली. लग्नाला सहा वर्षं झाली होती ना! दुपारपर्यंत अर्ध्या देवळीला बातमी पोचली.

"आता हे गरम गोळी बंद," कौसाबाईने फर्मान काढलं. "पोटातल्या लेकराले बाधते." आणि डबी उचलून देव्हाऱ्यात अन्नपूर्णेच्या मागे ठेवून दिली.

सुलोचना खरं बोलली असती तर निकेशचं सगळं बाहेर आलं असतं. पण खरं सांगायचं तर तिला बरंही वाटलं. सहा वर्षं तिच्या नावाने भांडी आपटणारी सासू आता कैरीला मीठ लावून फोड हातात देत होती. गिरणीवर बाया आपापले डबे स्वतःच उचलून ओतत होत्या. असं कौतुक कोणाला नको असतं? गोळी थांबली, मळमळ थांबली, कौतुक चालूच राहिलं.

मग निकेश खेप टाकून घरी आला. संध्याकाळीच सुलोचनाने त्याची खाट अंगणात टाकली. कौसाबाई खूश. "शहाणी हाय पोरगी," म्हणाली. निकेश मात्र चक्रावला.

"काऊन वं? मी काय केलं?"

"माही गोळी बंद हाय," ती कुजबुजली. "देवामागं ठेवली तुमच्या मायनं."

त्याला आधी हसू आलं, मग त्याचा चेहरा पार उतरला. तो तडक आईसमोर जाऊन उभा राहिला. "माय, तिच्या पोटात लेकरू नाई. रोग मले हाय. ते गोळी तिले वाचवाले हाय."

कौसाबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. ती रडली, लेकाला दोन शिव्या हासडल्या, पुन्हा रडली. सुलोचनाला वाटलं, संपलं. कैरीही गेली आणि मानही. म्हातारी उठली ती देव्हाऱ्याकडे गेली.

"देवाले काय झालतं ते गोळी घ्याले!" स्वतःवरच खेकसत तिने डबी सुनेच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी वर्ध्याच्या बसमध्ये ती सुनेला चिकटून बसली. मध्ये खंड पडला म्हणून आधी तपासणी झाली. सुलोचनाचं रक्त चांगलं निघालं आणि गोळी पुन्हा सुरू झाली, आता जेवणावर.

परवा गिरणीवर शेजारणीने विचारलंच, "सुनेले कितवा महिना?"

"काई नाई वं. पित्त होतं," कौसाबाई म्हणाली.

"असं होय," म्हणत शेजारणीने गव्हाचा डबा सुलोचनापुढे सरकवला.

"तूच वोत ना!" कौसाबाई कडाडली. "माही सून नाई उचलत."