दुधगावच्या सुनेचं कार्ड

आधीच सांगून ठेवते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. माझे वडील वाईला शाळेत शास्त्र शिकवायचे. घरात कुणी दृष्ट काढायला निघालं की मीठ-मोहऱ्या वाया घालवू नका म्हणून ओरडायचे. मी त्यांचीच मुलगी. या सदरात लोक अमावास्या, पिंपळ, पांढरी साडी असलं काय काय लिहितात ते वाचून मी मनसोक्त हसलेय. माझ्या हकिगतीत यातलं काहीच नाही... भर सकाळची वेळ, सांगलीतलं एक धर्मादाय हॉस्पिटल आणि पुठ्ठ्याचं एक कार्ड. हॉस्पिटलचं नाव मात्र विचारू नका.

गोष्ट सत्तरच्या दशकातली, आणीबाणीच्या थोडी आधीची. मी तिथे रेकॉर्ड क्लार्क होते. तोवर पद्धत अशी, की पेशंटनं केसपेपर घरी न्यायचा आणि पुढच्या वेळी हात हलवत यायचं. कागद कुठाय? तर पावसात भिजला, नाहीतर चुलीत गेला. मग पुन्हा रक्त, पुन्हा लघवी, पुन्हा एक्स-रे... गरीब माणूस त्यातच अर्धा व्हायचा. शेवटी आमच्या मोठ्या डॉक्टरांनी ठरवलं — प्रत्येक पेशंटचं एक कार्ड, ते आपल्याकडेच राहील, आणि एकदा झालेली तपासणी कारण नसताना दुसऱ्यांदा करायची नाही. लोकांचा खर्च खरंच कमी झाला हो.

कार्डांचा सगळा कारभार माझ्याकडे. आडनावांप्रमाणे लाकडी खण. तांबडी शाई फक्त एकाच कामाला — पेशंटला एखादं औषध बाधत असेल तर ते लिहायला. ते पेनसुद्धा माझ्या कुलपात. आणि रजिस्टरात नंबर असल्याशिवाय कार्ड नाही, हा माझा नियम. आमचे शिपाई शिंदेमामा म्हणायचे, "बाई, उद्या देव जरी आला तरी तुमी त्याला आदी नंबर इचारणार!" मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

एका सोमवारी 'स'चा खण लावत होते. मध्येच एक कार्ड निघालं. वैशाली आनंदा साळुंखे, वय १९, दुधगाव. नंबराची जागा कोरी. आणि खाली तांबड्या शाईत — 'पेनिसिलिन देऊ नये. लहानपणी जिवावर बेतले होते.'

अक्षर माझं होतं.

मी लिहिलेलं नव्हतं! रजिस्टर काढून पान न् पान पाहिलं. या नावाची बाई आमच्याकडे कधी आलेलीच नव्हती. माझं डोकंच फिरलं.

"मामा, माझ्या खणाला कुणी हात लावला?"

"कोन लावतंय बाई? किल्ली तर तुमच्या कमरंला."

"मग हे काय?"

मामांनी कार्ड लांब धरून एकेक शब्द लावत वाचलं. "अक्षार तर तुमचंच हाय की वो."

"माझं नाही! कुणीतरी गिरवलंय. थट्टा करतात मेले माझी."

"आसंल. पर ऱ्हाऊ द्या की खणात. काय खातंय का ते?"

पण नाही. बिननंबरी कार्ड आणि माझ्या खणात? मामांच्या देखत त्याचे चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास खिडकीशी सासू-सुना आल्या. सून तापानं फणफणलेली, घसा सुजलेला. हातात हिरवा चुडा.

"नाव?"

"वैशाली आनंदा साळुंखे," सासू म्हणाली. "दुधगाव. पयल्यांदाच आलोय बाई हितं."

माझा हात थांबला. कसंबसं विचारलं, "यांना एखादं इंजेक्शन बाधतं का?"

"न्हाई वो. गेल्या म्हयन्यात तर लगीन झालंय. कसला रोग न्हाई तिला, लय गुणाची हाय."

मी सुनेकडे पाहिलं. तिला बोलवत नव्हतं. तिनं नुसती मान हलवली — नाही म्हणून.

नवीन कार्ड केलं. नंबर घातला. कुलूप काढून तांबडं पेन हातात घेतलं... आणि परत ठेवलं. कशाच्या आधारावर लिहिणार? उठून डॉक्टरांच्या दारापर्यंत गेले. आत ही गर्दी. त्यांना सांगायचं काय — एक कार्ड आपोआप आलं होतं आणि ते मी फाडलं? "काय बाई, तुम्हीसुद्धा?" म्हणून हसले असते. मला लाज वाटली. बाकी काही नाही, फक्त लाज... मी माघारी येऊन खुर्चीत बसले.

डॉक्टरांचं काहीच चुकलं नाही. त्यांनी विचारलं, कार्ड पाहिलं, आधी टेस्ट डोस द्यायला सांगितला. एवढंसं औषध, पण तेवढ्यातच ती कोसळली. धावपळ झाली, दुसरी इंजेक्शनं झाली. अर्ध्या तासानं सासूचा हंबरडा माझ्या खिडकीपर्यंत ऐकू आला. मी दोन्ही कान दाबून बसले होते.

दुसऱ्या दिवशी उंब्रजहून वैशालीची आई आली. हातात साताऱ्याच्या एका दवाखान्यातला जुना, पिवळा पडलेला केसपेपर. हौसा बाबू जाधव, वय ६. शेरा इंग्रजीत होता, पण अर्थ तोच — पेनिसिलिननं जिवावर बेतलं होतं, पुन्हा देऊ नये.

आपल्याकडे लग्नात मुलीचं काय राहतं? बापाचं नाव जातं, आडनाव जातं, तांदळात अंगठीनं लिहून पहिलं नावसुद्धा बदलतात. हौसाची वैशाली झाली आणि कागद माहेरच्या ट्रंकेत राहिला. "सासरी कसं सांगायचं बाई?" आई म्हणाली. "दुखनाईत पोरगी गळ्यात बांदली म्हनले आसते. म्हून मी गप ऱ्हायले, पोरीलाबी गप बसवलं."

आता तुम्हीच सांगा. वैशाली हे नाव जेमतेम महिन्याचं. तो कागद मी जन्मात पाहिलेला नव्हता. टोपली तर सोमवारीच रिकामी झाली होती. मला भास झाला म्हणावं, तर मामांनीही वाचलं होतं. मी पुन्हा पुन्हा विचारलं त्यांना. "तांबड्या शाईनं हुतं बाई," एवढंच म्हणायचे आणि तोंड फिरवायचे. बरीच वर्षं डोकं चालवलं. काही उलगडा झाला नाही, आता होईल असंही वाटत नाही.

जाताना ती आई माझ्या खिडकीशी थांबली. खणांकडे बघत म्हणाली, "आवं बाई, तुमी समद्यांचं लिवून ठिवता म्हनं. माज्या पोरीचंच तेवढं का वो न्हाई लिवलं?"

ते कार्ड कुणी लिहिलं, मला अजून माहीत नाही. फाडलं कुणी, ते मात्र माहीत आहे.