लाभपाचमीपर्यंत उघडे राहिलेले दार

वसुधाताई माने यांची आणि माझी ओळख माझ्या फजितीने झाली. वर्तमानपत्रातली नोकरी सोडून मी बडोद्याजवळच्या एका रसायनांच्या कंपनीत प्रसिद्धी विभागात रुजू झालो होतो. संगणक उघडेना, म्हणून तक्रार घेऊन संगणक विभागात गेलो. विभागप्रमुख असलेल्या ताईंनी मान वर न करता विचारले, "पासवर्ड बायकोचं नाव आहे ना, देशपांडे? अख्ख्या मजल्याला ठाऊक आहे. आधी तो बदला, मग संगणकाचं बघू." आसपासची मंडळी हसली. ताई हसल्या नाहीत. दुपारी मात्र त्या स्वतः येऊन माझे यंत्र सुरू करून गेल्या आणि जाताना फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "मुलीचंही नको."

ताईंचे घराणे मूळचे बडोदे संस्थानच्या फौजेतले, राहणे शहरातल्या घडियाळी पोळात, म्हणजे जुन्या गल्लीवजा वस्तीत. कंपनीत त्यांच्या माघारी त्यांना 'फोजदारबेन' म्हणत. एकदा बाहेरच्या कुणीतरी फोनवर अजाणता तेच नाव घेऊन चौकशी केली, तेव्हा "बोलतेय" म्हणून त्यांनी शांतपणे त्याचे काम करून दिले.

उदारीकरणानंतर आमच्या कंपनीचा व्यापार झपाट्याने पसरला. गावोगावच्या विक्रेत्यांची मागणी इंटरनेटवरून थेट यावी, ही सोय ताईंनी उभी केली. मागणीची नोंद, गोदामातला साठा आणि हिशेब या तिन्हींचे प्रोग्रॅम वेगवेगळ्या कंपन्यांचे. एकाचे दुसऱ्याला कळत नसे. त्यांच्या मधे बसून निरोप पोचवणारे एक सॉफ्टवेअर होते. आम्ही त्याला 'दुभाष्या' म्हणत असू. तो विक्रेत्यांना कधी दिसत नसे, पण प्रत्येकाचे बँक खाते आणि प्रत्येकाला दिलेला वेगळा दर त्याच्याच हातातून जाई.

दुभाष्याची देखभाल हितेश पंड्या करत. त्यांच्या वडिलांचे बडोद्याजवळच्या छाणीतले छोटे वर्कशॉप बाहेरच्या स्वस्त मालापुढे टिकले नाही आणि हितेशना शिक्षण अर्धवट सोडावे लागले. ताईंनी त्यांना नोकरीत घेतले, राहिलेली परीक्षा द्यायला लावली आणि परीक्षेच्या काळात त्यांच्या वाट्याचे काम स्वतः उरकले.

आता ज्या प्रसंगाविषयी लिहायचे आहे, तो दिवाळीनंतरचा. गुजरातेत दिवाळीला व्यापार मिटतो आणि लाभपाचमीला, म्हणजे भाऊबीजेनंतर तीन दिवसांनी, मुहूर्त करून उघडतो. आमचे मालक महेंद्रभाई याबाबतीत कडक होते. मधल्या दिवसांत कोणतेही चालू यंत्र बंद करायचे नाही, नव्या वर्षाची सुरुवात बंदने नको, असा त्यांचा आग्रह. ताईंनी मालकांशी पुष्कळ गोष्टींवर वाद घातले होते. ही एक त्यांनी सोडून दिली. विभागाच्या लेखी नियमांत तो नियम आला आणि खाली ताईंची सही झाली.

त्या वर्षी भाऊबीजेला हितेश नेहमीप्रमाणे यंत्रापुढे दिवा लावायला कार्यालयात गेले. तिथे दुभाष्या बनवणाऱ्या कंपनीची सूचना येऊन पडली होती. त्या सॉफ्टवेअरमध्ये गंभीर दोष सापडला होता. जगातला कोणीही, पासवर्डशिवाय, बाहेरून एक विशिष्ट निरोप पाठवून यंत्राचा ताबा घेऊ शकत होता. दुरुस्ती सूचनेसोबतच आली होती, पण ती बसवायला यंत्र थांबवावे लागणार होते. हितेशनी नियम पाळला. सणाच्या दिवशी ताईंना त्रास नको, म्हणून फोनही केला नाही.

लाभपाचमीला आरती झाली, पेढे वाटले गेले, आणि पेढा देता देता हितेशनी ताईंना ही गोष्ट सांगितली. ताईंनी पेढा टेबलावर ठेवला आणि जाऊन दुभाष्याची बाहेरची जोडणी काढली. वर्षातली पहिली मागणी तेव्हाच यायची होती. फोन वाजू लागले. महेंद्रभाई तावातावाने खाली आले, तोवर ताईंना यंत्रात एका अनोळखी वापरकर्त्याचे खाते सापडले होते. ते सुट्टीच्या दिवसांतच उघडलेले होते. आत कोणी येऊन गेले, एवढे नक्की. काय नेले, ते कळायला मार्ग नव्हता.

त्या दुपारच्या बैठकीत मी होतो, कारण विक्रेत्यांना जाणारे पत्रक मला लिहायचे होते. महेंद्रभाई तसे वाईट गृहस्थ नव्हते. दर फुटले तर विक्रेते एकमेकांचे गळे धरतील, ही त्यांची भीती खरी होती. 'तांत्रिक देखभालीसाठी सेवा बंद' एवढेच लिहा, असे त्यांनी मला सांगितले आणि हितेशना त्याच दिवशी काढायचे ठरवले.

"बेन, कोईने खबर पण नथी पडी," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "आपणे शुं काम कहेवानुं?" कोणाला कळलेही नाही, मग आपण होऊन का सांगायचे, असे त्यांचे म्हणणे.

ताई म्हणाल्या, "त्यांची खाती आपल्याकडे आहेत, म्हणून. त्यांना सावध व्हायला वेळ तरी मिळू दे. आणि हितेशने नियम पाळला. श्रद्धा तुमची, सही माझी. मग जायचं कोणी?"

हितेशना काढायचे मागे पडले. शेवटी पत्रक ताईंच्या सहीने गेले. दार उघडे राहिले होते, चूक विभागप्रमुखाची आहे, बँकेला कळवा आणि पासवर्ड बदला, असे त्यात साध्या भाषेत होते. हितेशचे नाव नव्हते.

पत्रकाचे कोणी कौतुक केले नाही. काही विक्रेत्यांनी संबंध तोडले. लहरीपुऱ्यातल्या एका जुन्या विक्रेत्यांनी ताईंना फोनवर नको ते ऐकवले. ताईंनी ते ऐकून घेतले. वर्ष संपायच्या आत विभाग बाहेरच्या कंपनीकडे सोपवला गेला आणि ताईंनी तयार केलेली माणसे पांगली. हितेश बंगळुरूला गेले. ताईंना स्टेशनरीच्या खोलीशेजारी एक टेबल मिळाले. निवृत्तीपर्यंत त्या रोज वेळेवर तिथे येऊन बसत आणि आपल्या ताब्यात नसलेल्या यंत्रांच्या सुरक्षा सूचना वाचत. एखादी गंभीर दिसली की बाहेरच्या कंपनीला कळवत. उत्तर आलेले माझ्या पाहण्यात नाही.

त्या आत शिरलेल्याने नेमके काय नेले, हे आजही कोणाला माहीत नाही. त्यामुळे ताईंनी काय वाचवले, तेही दाखवता येत नाही.

ताईंच्या या गौरवग्रंथासाठी हितेशना दोनदा विचारले गेले. लेख आला नाही. ताईंनीच संपादकांना सांगितले की त्यांच्या मागे लागू नका, त्यांना तो विषय नको असेल.

मीही ताईंना विचारले होते की साठीचा गौरवग्रंथ आहे, हा प्रसंग वगळू का? मधुमेहाने त्यांची नजर आता अधू झाली आहे. माझ्या आवाजाच्या रोखाने पाहत त्या म्हणाल्या, "वगळायचं असतं तर तेव्हाच वगळलं असतं. लिहा. पण नियमावर माझी सही होती ते आधी लिहा, पत्रकाचं नंतर."

मी त्याच क्रमाने लिहिले आहे. ताईंना उदंड आयुष्य मिळो, प्रकृती साथ देवो, उरलेली नजर टिको. आणि पुढच्या एखाद्या लाभपाचमीला बंगळुरूहून त्यांना फोन येवो.