चुका वाचणाऱ्या तुळजाबाई

उत्तरपत्रिकांचा गठ्ठा हातात आला की तुळजाबाई आधी बरोबर उत्तरं बाजूला सारत. त्यांत त्यांना काडीचाही रस नसे. मग चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाशी नेऊन, त्या चुकीची उत्तरं वाचत बसत. मधूनच हसत, मधूनच "अय्यो, बिचारं लेंकरू" म्हणत. पेपर तपासताना इतकं सुखात असलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

चेन्नईजवळच्या कोवलमच्या पुढे, समुद्राकाठच्या पाच लहान सरकारी शाळांवर त्या देखरेख अधिकारी होत्या. मी मूळचा सांगलीचा, चेन्नईत एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. या शाळांचा निकाल सुधारायला हातभार लावायचं आमच्या कंपनीच्या मनात आलं आणि साहेबांनी दर शनिवारी मला तिकडे पिटाळायला सुरुवात केली. तमिळ मला पाणी मागण्यापुरतंच येत होतं. पहिल्या दिवशी त्यातल्या एका शाळेच्या व्हरांड्यात उभा राहून मी आईशी फोनवर बोलत होतो, तर मागून आवाज आला, "मराठी की तुम्ही? मग उन्हांत कां उभे? आंत या, कॉफी घ्या."

बाई तंजावरकडच्या मराठी घरातल्या. त्यांचे शब्द जुने, हेल तमिळ, वाक्याच्या शेवटी तमिळ लाडाचा 'पा'. पहिले दोन महिने त्यांचं निम्मं बोलणं माझ्या डोक्यावरून गेलं. तरी त्या शाळांमध्ये माझा दुभाष्या म्हणजे त्याच.

एकदा त्यांनी एका मुलीचा कागद माझ्यापुढे धरला. बावन्नातून सतरा वजा केले होते आणि उत्तर होतं पंचेचाळीस. मी म्हणालो, "चूक आहे."

"चूक मजही दिसती. कशी झाली तें सांगा की."

मला सांगता येईना. इंजिनिअर म्हणून मिरवणारा माणूस मी.

"दोनांतून सात जात नाहींत. म्हणून हिनें सातांतून दोन काढले. मोठ्यांतून लहान काढायचें, इतकें हिला पक्कें ठाऊक. म्हणजे मंद नव्हे पा, हिला उसनें घेणें कोणी शिकवलें नाहीं, इतकेंच." मग बाई वर्गात गेल्या, त्या मुलीशेजारी जमिनीवर बसल्या आणि चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग मांडून तिला वजाबाकी शिकवू लागल्या. अर्ध्या तासानं ती मुलगी बाईंनाच गणितं घालत होती.

मला मात्र हे सगळं फार सावकाश वाटायचं. मी पाचही शाळांचा एक रंगीत तक्ता केला. चांगल्या शाळा हिरव्या, मधल्या पिवळ्या आणि सुरूच्या बनाशेजारची दोन खोल्यांची शाळा लालभडक. हौसेनं तो सगळ्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलाही. त्या लाल शाळेचे मुख्याध्यापक सेल्वम सर. शांत, पन्नाशीचे, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारे. त्यांच्या डोक्यावर आधीच टांगती तलवार होती: यंदा निकाल वर आला नाही, तर त्यांची शाळा बंद करून मुलांना हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत घालायचं वरच्या ऑफिसात चाललं होतं. भरधाव गाड्यांचा तो रस्ता सहा-सात वर्षांच्या पोरांनी रोज ओलांडायचा, हे आयांना मुळीच मान्य नव्हतं.

जानेवारीत, पोंगलच्या आधी चाचणी झाली. सेल्वम सरांची शाळा एकदम पहिली! मी उड्या मारायच्याच बाकी होतो. बाईंनी नेहमीप्रमाणे चुका शोधल्या. संपूर्ण वर्गात एकच चूक होती. चारशे तीनातून एकशे अडुसष्ट गेले की दोनशे पस्तीस उरतात. प्रत्येक पोरानं दोनशे पंचेचाळीस लिहिले होते.

"लेंकरांच्या चुका आपापल्या असतात," त्या म्हणाल्या. "ही फळ्यावरची आहे. सारांस भय घातलें तुमच्या तक्त्यानें. मीही तुम्हांस थांबविलें नाहीं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी चाचरत म्हटलं, "पण बाई, हा निकाल असाच गेला तर शाळा वाचते."

"शाळा वाचती. लेंकरांस वजाबाकी येती काय?"

सोमवारी बाईंनी स्वतः समोर बसून मुलांची चाचणी पुन्हा घेतली. निकाल पडायचा तिथेच, तळाला, पडला. तो वर पाठवताना त्यांनी सोबत पत्र लिहिलं: परीक्षेवरची देखरेख माझी, गफलत माझी, शाळेला एप्रिलपर्यंत मुदत द्यावी. सेल्वम सरांचं नाव पत्रात कुठेही नव्हतं. बाईंच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते. मुदत मिळाली आणि सदतीस वर्षांच्या स्वच्छ सेवापुस्तकात ताशेरा आला.

त्यानंतर बाई रोज चेन्नईतल्या एग्मोरहून पहिली बस धरून आठाच्या आत त्या शाळेत हजर. सुरुवातीला सेल्वम सर त्यांच्याकडे पाहतसुद्धा नसत. कॉफी शिपायाकरवी पाठवत. आठवड्याभरानं तेही चिंचोके घेऊन जमिनीवर बसले. महिनाभरानं तर दोघं एका कागदावर वाकून, एखादं पोर नेमकं कुठे अडलं यावर तावातावानं भांडू लागले. मी तक्ते करणं सोडून दिलं आणि चिंचोके मोजून पिशव्या भरू लागलो. एप्रिलमध्ये त्या शाळेचा निकाल पहिला आला नाही. मधोमध आला. पण तो मुलांचा होता आणि शाळा राहिली.

जूनमध्ये, बाई मला पहिल्यांदा भेटल्या त्याच व्हरांड्यात बाईंचा निरोपसमारंभ झाला. केळीच्या पानावर जेवण झालं आणि सेल्वम सर बोलायला उठले. तमिळमधून बराच वेळ बोलले. मध्येच चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले.

मी बाईंच्या कानाशी लागलो. "काय म्हणतायत सर?"

"कांही नाहीं पा," बाई समोर पाहत म्हणाल्या. "सांबारांत मीठ जास्ती झालें, क्षमा करा, म्हणतांत."

मिठापायी कोण रडतं? मी पलीकडच्या तरुण शिक्षिकेला इंग्रजीत विचारलं. ती हळूच म्हणाली, "सर सगळ्यांना सांगताहेत की जानेवारीत उत्तरं त्यांनीच फळ्यावर लिहिली होती. मॅडमच्या नावावरचा ताशेरा खरं तर त्यांचा आहे. तसं वर लिहूनही दिलंय म्हणतात, आजच."

मी बाईंकडे वळलो. पदरानं डोळे टिपत त्या मलाच दटावत होत्या, "असें काय पाहतां? खारट होतें की सांबार."