कचेरीच्या कमानीतली साडी

राज्य नवीन झालं, मग सरकारी खाती एकेक करून नव्या रायपुरात गेली आणि जुन्या रायपुरातली बाबांची कचेरी ओस पडली. बाबा तिथेच कारकून म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. ते जाऊनही आता बराच काळ लोटला होता. आईने मात्र ती इमारत कायम रस्त्यावरूनच पाहिलेली. ऑफिसात बायकांचं काय काम, असा तो जमाना.

आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्याच एका मराठी घरातली मुलगी बाहेरगावी चित्रकला शिकून आली. तिने ठरवलं, कचेरीच्या व्हरांड्यातल्या प्रत्येक कमानीत मोहल्ल्यातल्या एकेका बाईची साडी टांगायची. इथे पुरुषांनी जन्म काढला, पण त्यांचे डबे भरणाऱ्या बायका या इमारतीत कुठेच दिसत नाहीत, असं तिचं म्हणणं. मला सगळं फॅड वाटलं. आईने मात्र पेटी उघडली आणि बढती मिळाली तेव्हा बाबांनी नागपूरहून आणलेली मोरपंखी साडी काढून दिली. मी म्हटलं, अगं, जुनी दे एखादी. ऐकते कसली.

पहिल्या दिवशी बरीच माणसं आली. दोरीवरच्या साड्या वाऱ्याने हलत होत्या आणि म्हातारी कचेरी चक्क नटलेली दिसत होती, हे मलाही कबूल करावं लागलं. दिवेलागण झाली तशी आई उठली, सरळ कमानीपाशी गेली आणि आपली साडी खाली ओढून घडी घालू लागली. माझी पंचाईत झाली. मुलगी धावत आली. तिला मराठी कळायचं, पण बोलायची हिंदीतच. काकी, ही तर रात्रीही इथेच राहायची आहे, असं ती समजावू लागली. मला वाटलं, आई आता सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून येणाऱ्या काळ्या धुळीचं कारण सांगेल, नाहीतर दिवे लागल्यावर कपडे बाहेर ठेवू नयेत हे नेहमीचं.

आई म्हणाली, "त्यायले या आफिसानं कधी रातभर ठेवून घेतलं नाही, बेटा. दिवे लागले का घरी येत. त्यायनं आणलेली साडी मी काहून ठेवू इथं?"

मुलीने साडीचं दुसरं टोक धरलं आणि दोघींनी मिळून घडी केली.

प्रदर्शन आठवडाभर चाललं. रोज सकाळी आई साडी नेऊन टांगायची आणि संध्याकाळी काखेत धरून परतायची, बाबा यायचे त्याच वेळेला. मी चहा टाकून ठेवायचो. कितीतरी वर्षांनी आमच्या घरी कोणीतरी कचेरीतून येत होतं.