हात खुर्चीच्या पाठीवर

ताईचा फोन आला तेव्हा मी मनमाडला एका गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरपुढे बसलो होतो. "राजू, तुझे दाजी गेले," ती म्हणाली. आणि लगेच, "सावकाश ये. रस्ता खराब आहे, गाडी पळवू नकोस..." नवरा जाऊन तास झाला नसेल आणि ही मला रस्त्याची काळजी सांगत होती. आमची मंगलताई अशीच आहे. त्या गोष्टीला आता दोन महिने होत आले. दाजी म्हणजे यशवंत कोठावदे. नाशिकच्या एका पतसंस्थेत त्यांची सारी नोकरी झाली. त्यांना पाहिलेल्यांपेक्षा फोनवर ऐकलेले लोकच जास्त असतील.

त्यांना दिसत नव्हतं. लहानपणी गोवर झाला आणि त्यात दृष्टी गेली. मनमाडच्या रेल्वे कॉलनीत वाढले, इतिहासात एम. ए. झाले आणि वाद घालायला कायम तयार असत. बिचारे वगैरे मुळीच नव्हते. शर्टाला कडक इस्त्री लागायची आणि शर्ट कोणत्या रंगाचा आहे हे सकाळी विचारून घेतल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. ताईला बघायला आमच्या गावी, सायखेड्याला आले तेव्हा आमच्या काकांनी न राहवून विचारलं, "दिसत नाही, मग संसार कसा व्हायचा?" दाजी म्हणाले, "तुमच्या घरात काय नुसता एकमेकांकडे बघून होतो का?" आतल्या खोलीत ताईला हसू आवरेना. लग्न तिथेच ठरलं असं आई सांगायची.

नव्वदच्या दशकात दाजी पतसंस्थेच्या टेलिफोन बोर्डवर होते. आवाजावरून माणूस ओळखायचे, पहिल्या "हॅलो"लाच नाव घ्यायचे. मग आपोआप जोडणी करणारी नवी यंत्रणा आली, बोर्ड काढून नेला आणि दाजींना एका कोपऱ्यात टेबल मिळालं. काम काहीच नाही. पगार चालू, चहा वेळेवर, सगळे अदबीने बोलणार. घरी येऊन ते म्हणायचे, "मंगल, मला फर्निचरमध्ये जमा केलंय." म्हणायचे हसत, पण त्या वर्षात त्यांचं जेवण कमी झालं आणि रविवारची मिसळसुद्धा ते अर्धी टाकायला लागले. दुसऱ्या कुणाला बसून पगार म्हणजे चैन वाटली असती. त्यांना तो रोजचा अपमान वाटत होता.

मी तेव्हा नाशिकलाच गंगापूर रोडला एका खोलीत छोटे-मोठे प्रोग्राम लिहून देत होतो. पतसंस्थेच्या चौकशी खिडकीचं काम माझ्याकडे आलं. फोन आला की खातेदाराचं नाव शोधायचं, माहिती सांगायची, आणि पत्र द्यायचं असेल तर एक बटण दाबायचं. त्यासरशी पत्रलेखनाचा वेगळा प्रोग्राम खातेदाराचं नाव-पत्ता भरूनच उघडायचा. "हे मी करणार," दाजी म्हणाले. पडद्यावरचं बोलून दाखवणारा एक प्रोग्राम आम्ही मिळवला. तो इंग्रजीत बोलायचा आणि आपल्या आडनावांची वाट लावायचा, म्हणून दाजींनी त्याचं नाव गोरासाहेब ठेवलं. व्यवस्थापक होते निकम. भला माणूस. म्हणाले, एकदा करून दाखवा, जमलं तर टेबल तुमचं, नाहीतर दुसऱ्या कुणाला बसवतो.

दाजींनी निकमांसमोर नाव शोधलं, बटण दाबलं आणि पत्र टाइप करायला सुरुवात केली. प्रत्येक अक्षर बोलू नकोस अशी ताकीद त्यांनी गोरासाहेबाला आधीच देऊन ठेवली होती, त्यामुळे तो गप्प होता यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. बोटं झरझर चालत होती. शेवटी मागे रेलून ते म्हणाले, "वाचा, निकम." पडद्यावर नाव होतं, पत्ता होता आणि त्याखाली कोरा कागद. निकमांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे. पण राहू द्या कोठावदे, कशाला दगदग? तुम्ही बसा निवांत, आम्ही आहोत ना."

बाहेर आल्यावर दाजींनी विचारलं, "किती ओळी आल्या होत्या?"

"एकही नाही, दाजी."

"मग तो छान कशाला म्हणाला?"

त्या रात्री मी प्रोग्राम पुन्हा पुन्हा चालवून बघितला.

मला खरं तर चूकच सापडत नव्हती. माझ्या प्रोग्रामने पत्राचा प्रोग्राम उघडला होता, त्याची खिडकी समोर दिसत होती, आणखी काय हवं? पुढच्या आठवड्यात सायखेड्याला घरचं लग्न होतं. चुलतभाऊ रामनाथने दाजींना कोपराला धरून मोठ्या प्रेमाने मांडवात आणलं. "बसा दाजी, इथंच खुर्ची हे. लय गर्दी झाली, मी पाणी घेऊन येतो," असं म्हणून तो गेलासुद्धा. खुर्ची होती, पण हात पोचणार नाही इतकी लांब. दाजी गर्दीत उभे. चेहऱ्यावर कुणासाठीच नसलेलं हसू... मी जाऊन त्यांचा तळवा खुर्चीच्या पाठीवर ठेवला. ताईने मला हे लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत शिकवलं होतं. पाठीवर हात ठेवला की पुढचं सगळं ते आपलं आपण करतात. दाजींनी खुर्ची चाचपली, बसले, कॉलर नीट केली.

"रामनाथ वाईट आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"खुर्ची नव्हती का?"

"होती."

"मग झालं काय, सांग. त्याने खुर्चीपर्यंत आणलं आणि हात हवेत सोडून निघून गेला. राजू, तुझा प्रोग्राम रामनाथ आहे."

मांडवात वाजंत्री चालू होती आणि माझ्या डोक्यात सगळं लख्ख झालं. खिडकी समोर दिसणं वेगळं आणि कीबोर्ड तिच्या ताब्यात असणं वेगळं. मी दरवेळी तपासताना नव्या खिडकीवर माउसने एक टिचकी मारत होतो. इतक्या सवयीने, की ती मारतो हे मला ठाऊकच नव्हतं. दाजी माउसला हात लावत नसत. माझा प्रोग्राम दुसऱ्याला हाक मारून लगेच बाजूला होत होता, आणि तो दुसरा त्या जुन्या मशीनवर डोळे चोळत उठेपर्यंत कीबोर्ड कुणाच्याच हातात नव्हता. दाजींचं पत्र त्या मधल्या जागेत पडलं होतं. त्यात विंडोजचा नियमही असा, की मागून आलेल्या प्रोग्रामने पुढच्याच्या हातून कीबोर्ड हिसकावायचा नाही. ज्याच्या हातात आहे त्याने तो द्यायचा. हिसकावण्याच्या युक्त्या होत्या, मला माहीतही होत्या. दाजींना सांगितल्यावर म्हणाले, "नको. उद्या मी एखाद्याचं खातं बघत असताना तिसराच कुणी मला असा ओढून नेईल."

मग सिडकोतल्या त्यांच्या घरी मी एक जुना कॉम्प्युटर नेऊन ठेवला. मॉनिटर दाजींनी आणूच दिला नाही. "तुझे डोळे मधेमधे करतात," म्हणाले. मीही कान देऊन बसायला शिकलो. पत्राचा प्रोग्राम उठून तयार होईपर्यंत माझ्या प्रोग्रामने थांबायचं, त्याला पुढे यायला परवानगी द्यायची, कीबोर्ड त्याच्या हाती सोपवायचा आणि मगच बाजूला व्हायचं. वाक्यात लिहायला सोपं आहे, जमायला दिवाळी उलटली. ताई आत भाकरी थापत असायची आणि तिथूनच सांगायची, "पत्र अजून उघडलं नाही बरं का. तो 'एडिट' म्हणालाच नाही." लिहायच्या जागेवर पोचलं की गोरासाहेब 'एडिट' म्हणायचा, आणि दरवेळी तिचं बरोबर निघायचं. शेवटी एकदाचं साधलं, तर दाजी म्हणतात, "आता जेवण झाल्यावर जिथून उठवलंस तिथेच आणून बसव." पत्र बंद केलं की पुन्हा त्याच खातेदारावर, त्याच रकान्यात परत यायला हवं होतं. फोनवरचा माणूस ताटकळत असतो, त्याला परत नाव काय विचारायचं, असं त्यांचं म्हणणं. मी चिडलो, दोन दिवस गेलो नाही, तिसऱ्या दिवशी गेलो आणि ते केलं.

मग आम्ही दुसऱ्यांदा निकमांपुढे बसलो. दाजींनी पत्र लिहिलं. निकमांनी या वेळी ते खरोखर वाचलं आणि एका शब्दाची चूक काढली. दाजी मोहरून गेले. रस्ताभर मला सांगत होते, "चूक काढली त्याने. बघितलंस ना?" शालिमार चौकात आम्ही मिसळ खाल्ली आणि त्यांनी जास्तीची तर्री मागून घेतली. त्यानंतर ते टेबल वर्षानुवर्षं त्यांचंच राहिलं. घरचा कॉम्प्युटरही राहिला, प्रोग्राममध्ये काही नवं आलं की दाजी आधी त्यावर हात बसवायचे आणि कधीकधी ताईलाही बसवायचे. हृदयविकाराचा झटका आला त्याच्या आदल्या दिवसापर्यंत ते कामावर होते, याचं मला फार समाधान वाटतं. आणि त्यांच्या घरी गेलो की अजूनही वाटतं, आता आतून वाद ऐकू येईल.

दिवस झाल्यावर लोक भेटायला येत राहिले. प्रत्येक जण ताईला हाताला धरून बसवायचा. पाणी दुसरं कुणी आणायचं, चहा तिसरं कुणी करायचं. "तुम्ही बसा ताई, आम्ही आहोत ना." एका दुपारी सगळे गेल्यावर ती मला म्हणाली, "राजू, मला फार बसवतायत रे सगळे... ह्यांना तेव्हा कसं वाटत असेल ते आता कळतंय." मग हळूच म्हणाली, "निकमांना विचार ना, त्या टेबलावर मला घेतील का."

निकम निवृत्तीला आलेत. त्यांनी संचालकांशी बोलून तात्पुरती म्हणून तिला घेतलं. गेल्या सोमवारी पहिल्या दिवशी मी सोबत गेलो. नवा मॉनिटर लावला होता. ताई त्या चौकटी आणि रकान्यांकडे बराच वेळ बघत राहिली, माउस चुकीच्या जागी नेत राहिली आणि अगदी रडकुंडीला आली. "मला हे बघून काही समजत नाही," ती म्हणाली. "आवाज चालू कर." मी केला. तिने नजर पडद्यावरून काढून टेबलावर आणली आणि तिची बोटं आपसूक चालायला लागली. इतकी वर्षं भाकऱ्या थापताना ऐकलेलं सगळं तिच्या कानात होतं.

तेवढ्यात फोन वाजला. "नमस्कार, चौकशी विभाग," ती म्हणाली. पलीकडे कुणी वयस्कर गृहस्थ असावेत, मोठ्याने बोलत होते. मला उभ्या जागी ऐकू आलं.

"आज कोठावदे नाहीत का?"

मी पुढे होऊन फोन घेणार होतो, तिने हातानेच मला थांबवलं.

"मी कोठावदेच बोलते आहे," ती म्हणाली. "नाव सांगा तुमचं."